शितावरून भात कळतो, पण शीत कुठलं घ्यायचं?



चुलीवर भात शिजत असतो तेव्हा आपण पळीनं दोन शितं काढतो, बोटांत दाबतो आणि सांगतो, झाला भात. सगळं पातेलं खाऊन बघत नाही. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्या तोंडात इतकी बसलेली आहे की तिच्यात एक मोठं शास्त्र आहे हे ध्यानातच येत नाही. थोड्यावरून सगळ्याचा अंदाज बांधायचा, हे ते शास्त्र. सरकारी कागदावर त्याला नमुना पाहणी म्हणतात, गावात आपण म्हणतो सर्वे.

पण लग्नाच्या जेवणाचा भात आठवा. मोठ्या हंड्यात वरचं शीत कच्चं असतं, तळाचं करपायला आलेलं असतं. जाणता आचारी नुसतं वरचं शीत काढून निकाल देत नाही. तो आधी उलथनं तळापर्यंत घालतो, कडेनं फिरवतो आणि मग दोन-चार ठिकाणची शितं बघतो. भात नीट हलवलेला असेल तर घरच्या पातेल्याला जेवढी शितं लागतात, जवळजवळ तेवढीच लग्नाच्या हंड्यालाही पुरतात. आणि हलवलेला नसेल, तर वरची वाटीभर शितं खाल्ली तरी तळाचं काही कळत नाही. आजच्या बोलण्यातला मुद्दा एवढाच आहे. किती शितं काढली त्याच्या आधी कुठली काढली हे विचारायचं.

हे आपल्याला कशाला, असं एखादी म्हणेल. आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीतही हा प्रश्न निघाला होता. "सर्वे करायला शिकलेली पोरं येतात की, आपण फक्त उत्तरं द्यायची," एक काकू म्हणाल्या. पण त्याच उत्तरांवर टँकरच्या खेपा ठरतात, विम्याचे पैसे ठरतात, गावाच्या विकास आराखड्यात काय घ्यायचं ते ठरतं. आपल्या घराचं दार कुणी वाजवलंच नाही, तर आपली अडचण त्या कागदापुरती या जगात नसतेच. म्हणून आम्ही काही जणी हा विषय शिकायला बसलो. गणिताची भीती बऱ्याच जणींना होती. पण यात गुणाकार-भागाकाराच्या पुढचं फार थोडं आहे, आणि तेवढं बचत गटाची वही लिहिणाऱ्या कुठल्याही ताईला जमतं.

सुरुवात शेतापासून करू, कारण नमुन्याचा हिशेब थेट आपल्या खिशाला लागतो तो तिथं.

पीक विम्याची भरपाई ठरवताना प्रत्येकाच्या शेतात जाऊन धान्य मोजत नाहीत. महसूल मंडळातली मोजकी शेतं निवडतात. त्या शेतात दोरी लावून एक चौकोन आखतात, तेवढ्यातलंच पीक कापतात, मळतात आणि वजन करतात. हा पीक कापणी प्रयोग. अशा सगळ्या चौकोनांची सरासरी काढून मंडळाचं उत्पादन ठरतं आणि ते उंबरठा उत्पादनाशी ताडून बघतात. सरासरी उंबरठ्याच्या खाली गेली तर भरपाई, नाहीतर नाही. म्हणजे आपल्या बाजरीचा निकाल दुसऱ्याच कुणाच्या तरी शेतातल्या दोरीच्या चौकोनात लागतो.

आता तो चौकोन कुणी आपल्या मर्जीनं आखला तर? रस्त्याकडेचं, विहिरीजवळचं हिरवंगार शेत धरलं तर सरासरी वर जाईल आणि कुणालाच काही मिळणार नाही. मुद्दाम वाळलेलं शेत धरलं तर उलटं होईल. म्हणून नियम असा की शेत कुणाच्या पसंतीनं घ्यायचं नाही, आकड्यांच्या तक्त्यावरून जो गट नंबर निघेल तोच घ्यायचा. शेतात गेल्यावरही हाच नियम. नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, लांबीकडे किती पावलं आणि रुंदीकडे किती पावलं हे आधी निघालेल्या आकड्यांवरून ठरवायचं, आणि जिथं पाय थांबतील तिथं खुंटी ठोकायची. तिथं पीक विरळ असो की दाट. "इथं नको साहेब, तिकडं चांगलं आहे," असं म्हणायला जागाच ठेवलेली नाही.

या पद्धतीमागं आपल्याच सातारा जिल्ह्यातला एक माणूस आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव खटाव तालुक्यातलं बुध. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनला गेले, संख्याशास्त्रात डॉक्टर झाले आणि परत येऊन भारतीय कृषी संशोधन परिषदेत कामाला लागले. तिथं त्यांनी विनायक गोविंद पानसे यांच्याबरोबर पीक कापणीची पद्धत बसवली. त्याच काळात बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस हेही पिकांच्या पाहण्या करत होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते संस्थापक. त्यांचा भर लहान लहान गोल तुकड्यांवर होता, कारण लहान तुकडा पटकन कापून होतो आणि त्याच वेळात जास्त ठिकाणं होतात. सुखात्मे म्हणाले, तुकडा फार लहान असला की उत्पादन खरं असतं त्याहून जास्त दिसतं.

असं का व्हावं? याचं उत्तर आम्हाला भाकरीवरून पटलं. लहान भाकरीला कडच जास्त आणि मऊ भाग थोडा. मोठ्या भाकरीला मऊ भाग जास्त आणि त्या मानानं कड कमी. शेतातल्या दोरीच्या कडेवर एखादं ताट अर्धं आत, अर्धं बाहेर असतं. कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. यात लबाडी नसते, दाणा सोडवत नाही एवढंच. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन धरला तर एका चौरस मीटरला चार मीटर कड येते. दहा मीटर बाय पाच मीटरचा धरला तर पन्नास चौरस मीटरला तीस मीटर कड, म्हणजे एका चौरस मीटरला जेमतेम अर्ध्या मीटरच्या थोडी वर. जेवढी कड कमी, तेवढी ही ओढाताण कमी. सुखात्म्यांनी १९४०च्या दशकात हे प्रत्यक्ष शेतात मोजून दाखवलं. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले, नमुना पाहणीवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक जगभर शिकवलं गेलं आणि १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. महालनोबीसांच्या पुढाकारानं १९५० साली देशाची राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. दोघंही मोठी माणसं. पण दाणा आत ओढणाऱ्या हाताचा विचार करणारा माणूस आम्हाला जास्त जवळचा वाटतो, हे खरं सांगतो.

तेव्हा तुमच्या गावात पीक कापणी प्रयोग होणार असं कानावर आलं तर दोघी-तिघींनी बांधावर जाऊन उभं राहा. भांडायला नव्हे, बघायला. शेताचा नंबर आधी निघाला होता का, कोपऱ्यापासून पावलं मोजली का, धान्य वजन करताना किती भरलं, एवढं वहीत टिपून ठेवा.

आता शेतातून गावात येऊ. समजा तुमच्या ग्रामसंघाला ग्रामसभेत पाण्याचा विषय मांडायचा आहे. किती घरातल्या बायकांना पाण्याला घराबाहेर जावं लागतं, हा आकडा हवा. गावात चारशे घरं आहेत. सगळ्या घरी जायला महिना लागेल आणि सुगीच्या दिवसांत कुणाला वेळ आहे? म्हणून साठ घरं बघायची ठरवली. कुठली साठ?

सोपा रस्ता असा की गटाच्या बैठकीला येणाऱ्या बायकांनाच विचारून टाकायचं. त्या समोरच बसलेल्या असतात, उत्तरंही छान देतात. पण बैठकीला येते कोण? जिला घरून सोडतात, जिला तासभर काढता येतो, जिची बचत नियमित आहे. जी दोन किलोमीटरवरून पाणी आणते ती त्या वेळेला हंडा घेऊन वाटेत असते. म्हणजे पाण्याची अडचण मोजायला आपण नेमक्या अडचण कमी असलेल्या बायका निवडल्या. हे वरचं शीत झालं.

"मग जास्त बायकांना विचारू," असं लगेच सुचतं. त्यावर एक जुनी गोष्ट सांगतो. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक होती. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवून मत विचारलं. वीस लाखांहून जास्त उत्तरं परत आली. साप्ताहिकानं छापलं की लँडन निवडून येणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट आले आणि ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आले. साप्ताहिकानं पत्ते घेतले होते ते बरेचसे टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांवरून. तेव्हा मंदीचे दिवस होते, टेलिफोन आणि मोटार असणारा वर्गच वेगळा होता. शिवाय ज्यांना राग होता त्यांनी पत्रं जास्त हौसेनं परत पाठवली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्या मानानं अगदी थोड्या लोकांना विचारून रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितलं. वीस लाख शितं, पण सगळी वरचीच.

तर साठ घरं निवडण्याआधी हवी ती यादी, आणि आमच्या मते सगळ्या कामातलं निम्मं काम यादीचं आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरं आहेत, पण ती घरपट्टीसाठी आहेत. एका घराच्या नोंदीत तीन भाऊ वेगळे राहत असतील तर तिथं एकच ओळ दिसते. रेशनकार्डाची यादी घेतली तर नवऱ्यानं टाकलेली, माहेरी येऊन एका खोलीत राहणारी ताई त्यात नसते, तिचं नाव अजून सासरच्या कार्डावर असतं. मतदार यादीत मुंबईला गेलेले असतात आणि नुकती लग्न होऊन आलेली सून नसते. म्हणून तयार यादी आधाराला घ्या, पण गावात फिरून ती दुरुस्त करा. जनगणनेत आणि राष्ट्रीय नमुना पाहणीत घर कशाला म्हणायचं याचा नियम आपल्याला अगदी कळेल असा आहे: जे एका चुलीवर जेवतात ते एक घर. छप्पर एक असलं तरी चुली दोन असतील तर घरं दोन. गल्लीतून फिरताना चुली मोजा, यादी आपोआप नीट होईल. म्हातारी सासू वेगळं शिजवून खाते की लेकाच्या ताटात, हे विचारताना मात्र जरा जपून. त्यावरून घरात भांडण लागल्याचं आम्ही पाहिलेलं आहे.

यादी झाली की घरांना नंबर द्या. मग चिठ्ठ्या. चारशे चिठ्ठ्या डब्यात टाकून साठ काढल्या तरी चालतं, प्रत्येक घराला सारखी संधी मिळते. पुस्तकात याला यादृच्छिक नमुना म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट भिशीच्या चिठ्ठीची आहे. एवढ्या चिठ्ठ्या करायचा कंटाळा येत असेल तर दुसरी रीत आहे. समजा चारशेतून चाळीस घरं हवीत. चारशे भागिले चाळीस, दहा. एक ते दहा आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या करून एक काढा. सात निघाला तर सातवं घर, मग सतरावं, सत्ताविसावं, असं दर दहावं घर शेवटपर्यंत. फक्त एक बघायचं. घरकुलाच्या वसाहतीत घरं सारख्या रांगांत असतील आणि दर दहावं घर कोपऱ्याचं किंवा नळाजवळचं येत असेल, तर हीच रीत फसवते. तिथं चिठ्ठ्याच बऱ्या.

आता वाडीचं काय? आमच्याकडे एका ग्रामपंचायतीखाली गावठाण असतं आणि दोन-तीन वाड्या-वस्त्या असतात. समजा चारशेतली तीनशे घरं गावठाणात आहेत आणि शंभर वाडीवर. सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या तर वाडीची पंधराच्या आसपास घरं निघतील. नशिबानं दहाच निघाली तर वाडीबद्दल बोलायला तोंड राहणार नाही. म्हणून डबे दोन करायचे. गावठाणाच्या डब्यातून तीस, वाडीच्या डब्यातून तीस. भात तळातूनही काढायचा तो असा.

दोन डबे केले की हिशेबात एक गोष्ट पाळावी लागते, आणि चांगले शिकलेले लोकही इथं घसरतात. समजा गावठाणातल्या तीस घरांपैकी सहा घरांनी सांगितलं की पाण्याला बाहेर जावं लागतं. वाडीवरच्या तीसपैकी चोवीस घरांनी तेच सांगितलं. बेरीज तीस. साठातली तीस, म्हणजे निम्मं गाव पाण्याला बाहेर जातं, असं ग्रामसभेत सांगायचं का? नाही. कारण गावठाणात आपण दहा घरांमागं एक घर पाहिलं आणि वाडीवर तीन-साडेतीन घरांमागं एक. गावठाणातलं प्रत्येक पाहिलेलं घर दहा घरांच्या वतीनं बोलतंय, वाडीवरचं तीन-साडेतीन घरांच्या. ज्याच्या पाठीशी जेवढी घरं, तेवढं त्याचं वजन धरायचं. गावठाणात तीसपैकी सहा म्हणजे शंभरात वीस, तीनशे घरांत साठ. वाडीवर तीसपैकी चोवीस म्हणजे शंभरात ऐंशी, तिथं घरंच शंभर, म्हणून ऐंशी. साठ आणि ऐंशी, एकशे चाळीस. चारशेपैकी एकशे चाळीस, म्हणजे शंभरात पस्तीस.

पन्नासाचे पस्तीस झाले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पन्नास सांगितले असते तर कुणीतरी हुशार माणूस उठला असता आणि त्यानं सगळा कागदच खोटा ठरवला असता. पस्तीस हा टिकणारा आकडा आहे. शिवाय आपली खरी गोष्ट त्या पस्तीसमध्ये नाहीच. ती शंभरात ऐंशीमध्ये आहे. संपूर्ण गावाची सरासरी काढली की वाडी त्यात विरघळून जाते. म्हणून सभेत तिन्ही आकडे मांडायचे: गाव पस्तीस, गावठाण वीस, वाडी ऐंशी.

"पण तीसच घरं पाहिली, त्यावर भरवसा कसा?" हा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. चिठ्ठी दुसरी निघाली असती तर आकडा थोडा हलला असता. किती हलला असता ते काढता येतं. आम्ही सूत्र सांगत बसत नाही, अंदाज सांगतो. खूप मोठ्या भागातून शंभर घरं चिठ्ठीनं घेतली आणि निम्म्यांनी हो म्हटलं, तर खरा आकडा चाळीस ते साठच्या दरम्यान असावा असं धरायचं. चारशे घरं घेतली तर पंचेचाळीस ते पंचावन्न. म्हणजे चूक निम्मी करायची तर घरं चौपट घ्यावी लागतात. असा अंदाज शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर येतो. आपल्या वाडीच्या हिशेबात ऐंशी टक्क्यांचा अर्थ अडुसष्ट ते ब्याण्णव असा निघतो आणि गावठाणाच्या वीस टक्क्यांचा अर्थ साधारण सहा ते चौतीस. बघा, वाडीचा खालचा आकडासुद्धा गावठाणाच्या वरच्या आकड्याच्या दुप्पट आहे. आता कुणी कितीही घासाघीस केली तरी वाडीला पाण्याची अडचण जास्त आहे हे पुसता येत नाही. उलट तीस घरांत एका ठिकाणी सहा आणि दुसऱ्या ठिकाणी आठ निघाली असती, तर त्या दोघांतल्या फरकावर एक शब्द बोलायचा नाही. तो चिठ्ठीचा खेळ असू शकतो.

आणि पहिल्या भाताची गोष्ट इथं परत कामाला येते. हे आकडे गावच्या मोठेपणावर फारसे अवलंबून नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुंबईतल्या देवनारच्या संस्थेमार्फत होते. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या फेरीत साधारण सहा लाख सदतीस हजार घरं पाहिली गेली. देशात घरं कित्येक कोटी. तरी १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे त्यावरून कळलं आणि सरकारनं ते मानलं. तिथंही आधी गावं निवडतात, मग त्या गावात घरांची नवी यादी करतात आणि त्यातून ठरावीक अंतरानं बावीस घरं घेतात. आपण डब्यात चिठ्ठ्या टाकतो तेच, मोठ्या हंड्यात.

या पाहणीतला आणखी एक नियम आम्हाला फार पटला. निवडलेलं घर बंद असलं तर शेजारचं घर घ्यायचं नाही. परत यायचं, पुन्हा परत यायचं, आणि तरी नाही भेटलं तर "भेटलं नाही" असं लिहायचं. ऐकायला हट्टीपणा वाटतो. पण दुपारी बाराला कुठल्या घराचं दार बंद असतं? जी मजुरीला गेली तिचं. शेजारचं उघडं घर घेतलं की मजुरीवालीच्या जागी घरी असणारी आली. दहा घरांना असं केलं की सर्वेतून मजूर बायका हळूच नाहीशा होतात आणि कागदावर काहीच दिसत नाही. म्हणून सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीला जा. निदान तीनदा जा.

काही दारं मात्र महिनोन् महिने बंद असतात. आमच्या माण-खटाव भागात मेंढरं घेऊन बाहेर पडलेली कुटुंबं असतात, ऊसतोडीला गेलेली असतात, गलाईच्या धंद्यात परमुलखात गेलेली असतात. पाहणी जानेवारीत केली तर ती सापडत नाहीत आणि मग अहवालात येतं की गावात शाळाबाह्य मूल नाही. मुलं उसाच्या फडात आहेत, गावात कशी दिसतील? ज्या प्रश्नात ही घरं महत्त्वाची आहेत त्याची पाहणी ती परत आल्यावर करावी. ते जमत नसेल तर किती घरं बाहेरगावी आहेत हा आकडा वरच, ठळक लिहावा.

दार उघडलं, आता उत्तर कोण देतं? आपण पाण्याचं विचारतो आणि ओट्यावरचे दादा सांगतात, "काही अडचण नाही, येतं पाणी." त्यांना येतंच, हंड्यात भरलेलं. जी पाणी भरते तिलाच विचारायचं, आणि शक्यतो सासू-नवऱ्याच्या कानाआड. प्रश्नही असा हवा की उत्तर मोजता येईल. "पाण्याला फार वेळ लागतो का?" याला कुणी हो म्हणेल, कुणी "चालतंय" म्हणेल. "काल किती खेपा केल्या? पहिली खेप कधी, शेवटची कधी?" याला आकडा येतो. राष्ट्रीय नमुना पाहणीनं २०१९ मध्ये लोकांचा वेळ कुठं जातो हे मोजलं, तेव्हा असंच केलं. आदल्या दिवशी पहाटे चारपासून पुढचे चोवीस तास, अर्ध्या अर्ध्या तासाला काय केलं ते विचारलं. त्यातून निघालं की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे बाईची पाच तासांना एक मिनिट कमी. "तुम्ही काय काम करता?" एवढंच विचारलं असतं तर त्यातल्या कितीतरी जणींनी सांगितलं असतं, "काही नाही, घरीच असते."

कागद गोळा झाले की रेघा मारून मोजणी करा, चार उभ्या आणि पाचवी आडवी, खळ्यावर पोती मोजतात तशी. दोघींनी वेगवेगळी मोजावी आणि मग ताडून बघावी. टक्केवारी लिहाल तिथं कितीपैकी किती हेही लिहा. पैशाचा प्रश्न असेल तर सरासरीपासून सावध राहा. समजा दहा बायकांच्या कर्जाचा हिशेब आहे. नऊ जणींवर दहा-दहा हजार आणि एकीवर तीन लाख. सरासरी एकोणचाळीस हजार येते, आणि एकोणचाळीस हजार कर्ज असलेली बाई त्या दहा जणींत एकही नाही. अशा वेळी कर्जं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लिहायची आणि मधली बघायची. मधली दहा हजारच सांगेल. आणि ती तीन लाखांची ताई सरासरीत गाडून टाकण्यासारखी नाही, तिच्या घरी वेगळं जाऊन बसावं लागेल.

उत्तरांच्या कागदावर नाव लिहू नका, यादीतला नंबर लिहा. नंबर कुणाचा आहे ती यादी वेगळ्या पेटीत, अध्यक्ष आणि सचिवाच्या दोन कुलपांत ठेवा. कुणाच्या घरी दारू आहे, कुणाचं कर्ज थकलंय, कुणाला मारहाण होते, हे सर्वेत बाया विश्वासानं सांगतात. सभेत वाडीचा आकडा सांगायचा, घराचा नाही. आणि वाडीत एखाद्या भागात चार-पाचच घरं असतील तर त्यांचा वेगळा आकडाही जाहीर करायचा नाही, कारण चारांतलं एक घर कुठलं ते गाव लगेच ओळखतं.

ग्रामसभेला जाताना एकच पान न्या. वर यादीत किती घरं होती, किती निवडली, किती भेटली, किती बंद होती. मध्ये गाव, गावठाण, वाडी असे तीन आकडे. खाली पाहणी कोणत्या महिन्यात केली. सभेत "तुम्ही तुमच्या गटातल्याच बायकांना विचारलं असेल" असं कुणी म्हणालं, तर चिठ्ठ्यांचा डबा सोबत असू द्या आणि त्याच माणसाला त्यातून पाच चिठ्ठ्या काढायला सांगा. त्या पाच घरांना दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारायला त्यानं आपल्याबरोबर यावं. सकाळी सातच्या आत.